सेलेना यांची ध्वनिमुद्रित गाणी
सेलेना किंतानिया (१६ एप्रिल १९७१ – ३१ मार्च १९९५) या स्पॅनिश व इंग्रजी भाषांत गाणाऱ्या अमेरिकन गायिका होत्या. टेक्सासमध्ये वाढलेल्या सेलेना यांची बोलण्याची भाषा इंग्रजी होती. स्पॅनिश गीते त्यांनी प्रथम उच्चार पाठ करून गायिली व ती भाषा पुढे आत्मसात केली. तरीही त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली बहुतेक गाणी स्पॅनिश आहेत. त्यांपैकी ‘कोमो ला फ्लोर’ (१९९२) व ‘आमोर प्रोहिबिदो’ (१९९४) विशेष गाजली. दोन्हींच्या रचनेत बंधू ए. बी. किंतानिया यांचा सहभाग होता. इंग्रजी अल्बमचे काम सुरू असतानाच सेलेना यांची हत्या झाली. ध्वनिमुद्रित झालेली इंग्रजी गाणी, काही स्पॅनिश गाण्यांसह, जुलै १९९५ मध्ये ‘ड्रीमिंग ऑफ यू’ या अल्बममधून प्रसिद्ध झाली. हा अल्बम बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यांचे इंग्रजी गायन व्यापक श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले, ते त्यांच्या पश्चातच.