उणे दोन हजार ओळी

गणपतीला पुण्या-बेंगळुरूहून इंदूरला घरी येणाऱ्या आपल्या मुलांच्या बोलण्यात पगारापेक्षा 'रेटिंग' जास्त असते. वर्षभरात किती तिकिटे निकालात काढली, किती पॉइंट झाले, यावर त्यांची बढती अडते. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलो, मेजरमेंट बुक भरण्यात उमेद गेली. त्यामुळे संगणकाचा प्रोग्राम कोणी आणि कसा मोजायला घेतला, याचे आम्हांला कुतूहल वाटले.

साठच्या दशकात प्रोग्राम पंच कार्डांवर उतरवत. एका कार्डावर एक ओळ, ८० रकाने. कार्डे मोजली की काम मोजले, असे वाटणे साहजिकच होते. पण तेच काम एक जण १०० ओळींत करतो, दुसरा ३०० ओळींत. पहिल्याचा प्रोग्राम सुटसुटीत, दुरुस्तीला सोपा. तक्त्यात मात्र दुसरा तिप्पट कष्टाळू दिसतो.

दुसरे माप माणूस-महिन्याचे. आमच्या खोदकामात ते चालते. चर खणायला पाच मजुरांना दहा दिवस लागत असतील, तर दहा मजूर पाच दिवसांत खणतात. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. तिच्यासाठीच्या ओएस/३६० या प्रणालीच्या कामाचे प्रमुख होते फ्रेड ब्रुक्स. ऐन भरात हजारावर माणसे कामाला होती, तरी काम लांबतच गेले. ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात कारण सांगितले. नव्या माणसाला जुन्याने शिकवायचे, आणि प्रत्येकाला इतरांशी बोलावे लागते. पाच माणसांत अशा जोड्या १० होतात, दहा माणसांत ४५. उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो.

तरीही ओळी मोजणे थांबले नाही. १९८२ च्या सुरुवातीची ॲपल कंपनीतली हकीकत आम्हांला सर्वांत आवडते. 'लिसा' संगणकाचे काम चालू होते. प्रत्येकाने या आठवड्यात किती ओळी लिहिल्या, ते फॉर्मवर भरून द्यावे, असे व्यवस्थापकांनी ठरवले. बिल ॲटकिन्सन हे पडद्यावरची चित्रे काढणाऱ्या 'क्विकड्रॉ' भागाचे कर्ते. त्यांनी नुकताच त्यातला एक किचकट हिशेब नव्याने मांडला होता. तो जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला आणि सुमारे २००० ओळी कमी झाल्या. पंच कार्डांच्या काळात एवढ्या कार्डांचे एक अख्खे खोके भरे! ॲटकिन्सन यांनी फॉर्मच्या रकान्यात सरळ लिहिले: –२०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणेच बंद झाले. (असा रकाना भरण्याची हिंमत आमच्या कचेरीत कोणी केली असती, तर खुलासा मागवला गेला असता.)

आयबीएमच्याच ॲलन अल्ब्रेख्त यांनी १९७९ मध्ये ओळींऐवजी वापरणाऱ्याला काय मिळते ते मोजण्याची रीत मांडली: आत येणारी माहिती, बाहेर पडणारे तक्ते, चौकशा, फायली. हे माप बरे होते. पण यातही काम किती झाले तेच कळते, ते करण्याजोगे होते का ते नाही.

नेमका हाच मुद्दा टॉम डीमार्को यांनी उचलला, तोही सत्तावीस वर्षांनी. मोजल्याशिवाय नियंत्रण नाही, हा विचार १९८२ मध्ये त्यांच्याच पुस्तकाने घरोघरी, म्हणजे कंपनीकंपनीत पोचवला होता. २००९ मध्ये त्यांनी लेख लिहून त्यावर स्वतःच शंका घेतली. त्यांचे उदाहरण आम्हां हिशेबी लोकांना चटकन पटेल. दोन कामे, दोन्हींचा खर्च दहा लाख डॉलर. एकातून मिळणार अकरा लाख, दुसऱ्यातून पाच कोटी. पहिल्यात पै-पैचा हिशेब ठेवावाच लागेल, थोडा खर्च वाढला की नफा बुडाला. दुसऱ्यात खर्च दुप्पट झाला तरी कोणी विचारणार नाही. मग काटेकोर मोजमाप सर्वांत जास्त कुठे लागते, तर ज्या कामातून फारसे काही मिळायचे नाही तिथे, असे डीमार्को यांचे म्हणणे पडले.