अझोर्सचा आजार, अझोर्सहून जुना

अझोर्स बेटांवरच्या काही घराण्यांत ऐन तिशी-चाळिशीत माणसाचा तोल जाऊ लागतो. पाय फाकवून चालावे लागते, वळताना भिंतीचा आधार लागतो, जीभ जड होते, डोळे वटारल्यासारखे दिसतात. बुद्धी बहुधा शाबूत राहते. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाटते, हा पिऊन आलाय. आईबापांपैकी एकाला हा अटॅक्सिया, म्हणजे तोल बिघडवणारा आजार, असला, की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

भर अटलांटिकमधली ही नऊ बेटे पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात वसवली. पुढे देवमाशांची शिकार करणारी अमेरिकी जहाजे इथे थांबून खलाशी भरू लागली आणि त्या वाटेने कितीतरी बेटकरी मॅसॅच्युसेट्स नि कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक झाले. आजारही त्यांच्यासोबत गेला. १९७२ मध्ये डॉक्टरांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मशादो घराण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे मूळ साओ मिगेल बेटावरचे. त्याच वर्षी थॉमस घराण्याचे वर्णन आले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोसेफ घराण्याची पाळी आली. त्यांचा मूळपुरुष १८४५ मध्ये फ्लोरेस बेटावरून आलेला खलाशी होता. घराणी तीन, म्हणून आजारही तीन, असा तेव्हाचा समज. तो अगदीच निराधार नव्हता, कारण लक्षणे खरोखरच जुळत नव्हती.

उलगडा बेटांवरच झाला. पाउला कुटिन्यू आणि कोरिनो आंद्राद या पोर्तुगीज डॉक्टरांनी तिथली कुटुंबे तपासली, तेव्हा एकाच घरात सगळे प्रकार सापडले: कुणाला तरुणपणीच अंग ताठरण्याचा त्रास, कुणाचा मध्यम वयात तोल गेलेला, तर कुणाच्या हातापायांचे स्नायू उतारवयात झडलेले. १९७८ मध्ये त्यांनी हे तिन्ही आजार एकच असल्याचे मांडले. नाव मात्र दोन घराण्यांचे चिकटले, मशादो-जोसेफ. थॉमस मागे पडले.

या वेगवेगळ्या रूपांमागचे कारण १९९४ मध्ये कळले. जपानी संशोधकांनी चौदाव्या गुणसूत्रावरचा जनुक शोधून काढला. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे एकापुढे एक येत राहतात. निरोगी माणसात हे आवर्तन चव्वेचाळिसापर्यंत असते, रुग्णांत साधारणपणे साठाच्या वर. माळ जितकी लांब, तितका आजार लवकर येतो. ती पुढच्या पिढीत, विशेषतः बापाकडून येताना, आणखी वाढू शकते. त्यामुळे बापाला पन्नाशीत जडलेले दुखणे मुलाला तिशीतच गाठू शकते.

मग निरनिराळ्या घराण्यांतली या जनुकाच्या शेजारची अक्षरे ताडून पाहिली गेली, आणि डॉक्टरांनी एकच ठरवलेल्या आजाराची मुळे दोन निघाली. फ्लोरेसवरचा बदल वेगळा, साओ मिगेलवरचा वेगळा; मशादो आणि जोसेफ यांचा पूर्वज एक नव्हताच. शिवाय जोसेफ शाखेचा बदल काही हजार वर्षांचा, मूळचा बहुधा आशियातला; म्हणजे बेटांवर माणूस राहू लागण्याच्या कितीतरी आधीचा.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील ग्रूट आयलंटवरच्या आदिवासींतही हाच आजार आहे. पोर्तुगीज रक्ताच्या खलाशांकडून तो इंडोनेशियातल्या मकासरच्या व्यापाऱ्यांमार्फत तिथे पोचला, अशी कथा बरीच वर्षे सांगितली जाई. गोष्ट म्हणून ती झकास होती. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या कुटुंबांच्या जनुकाचा परिसर आशियाई कुटुंबांशी जुळला, आणि पोर्तुगीज खलाशी त्या कथेतून बाद झाला.