गुडघ्याचा फोटो

डिलाईल रोडवर एक्स-रेला कित्येक घरांत ‘फोटो’च म्हणतात. साचेखात्यात पाळीभर उभं राहून थकलेले गिरणी कामगार मी पाहिले आहेत. चाळीचा जिना उतरताना ते कठडा धरत आणि म्हणत, ‘वंगण संपलं!’ खरं तर झिजत असते हाडांच्या टोकांवरची कूर्चा. पण ती फोटोत दिसत नाही.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांत हाड उमटतं. कूर्चेची झीज दोन हाडांमधल्या फटीवरून ताडायची. मँचेस्टर हेही गिरण्यांचंच शहर. तिथल्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५२ मध्ये खाणकामगारांचे एक्स-रे अभ्यासले. १९५७ मध्ये फट आणि हाडाला फुटलेले कोंब पाहून त्यांनी सांध्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या.

पुढे एमआरआयनं कूर्चाही दाखवली. कूर्चेला संवेदनेचे तंतू नसतात; मग दुखतं काय? २००१ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात हाडाच्या मगजातले बदल आणि गुडघ्याची वेदना यांचा संबंध आढळला. हे बदल एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून ‘फोटोत काही नाही’ असं ऐकून घरी आलेल्या माणसाचं दुखणं खोटं ठरवू नका. फोटो पाहावाच, पण जिना उतरणाऱ्यालाही विचारावं.