पंखा बंद ठेवायचा धंदा

वसई पूर्वेला, वालीवच्या बाजूला माझा गाळा आहे. मे महिन्यात कुणी आलं की आधी छताकडे बघतं. पंखा आहे, पण बर्नर पेटलेला असताना लावत नाही. ज्योत हलली की काच एका अंगाने तापते आणि लवते. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा, नाहीतर सोडियमच्या पिवळ्या उजेडात काचेची कड दिसतच नाही. नळी दोन्ही हातांनी सारख्या वेगाने फिरवायची. ८२० अंशांच्या आसपास बोरोसिलिकेट काच मऊ पडू लागते, हाताला वळायला त्याहून कितीतरी जास्त आच लागते. मग तोंडात धरलेल्या रबरी नळीतून फुंकर. जोराची नव्हे, बेताची.

काचेचा धंदा म्हटलं की लोक फिरोजाबादचं नाव घेतात. मी तळेगाव दाभाडे सांगतो. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तिथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा झाली. पैसाफंडाशी लोक टिळकांचं नाव चटकन जोडतात, पण दारोदार फिरणारे काळे कुणाला आठवत नाहीत. धंद्यातली माणसं अशीच मागे राहतात, हा माझा जुना राग आहे.

तेव्हा बांगड्या ऑस्ट्रियाहून यायच्या. दिव्याच्या चिमण्याही बाहेरच्याच. पहिल्या महायुद्धात आयात आटली आणि देशी काचेला दिवस आले. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला. तिथल्या वस्तीचं नाव ओगलेवाडी पडलं आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. आमच्याही ओटीवर एक होता.

पण हे सगळं भट्टीचं काम. वितळलेला रस लांब नळीच्या टोकावर घ्यायचा आणि फुंकायचा. आम्ही तयार नळ्या घेऊन बर्नरवर बसतो, आमचं घराणं वेगळं. त्यातला मोठा माणूस म्हणजे जर्मनीतल्या बॉन शहरचा हाइनरिश गाइसलर. १८५७च्या सुमारास त्याने हवा काढून घेतलेल्या, आत वीज खेळवली की उजळणाऱ्या नळ्या घडवल्या. इलेक्ट्रॉनच्या शोधाची वाट तिथूनच निघाली. १८६८ मध्ये बॉन विद्यापीठाने या कारागिराला मानद डॉक्टरेट दिली. अशी पदवी मिळालेला दुसरा काचवाला मला सापडलेला नाही, म्हणून हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

सोपाऱ्याचं नाव काढणारेही भेटतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काच आहे, आणि बंदरांच्या यादीत सोपारा आहे. सोपारा इथून फार लांब नाही. तरी तेवढ्यावरून वंशावळ जोडायची हौस मला नाही.

माझी या धंद्याशी ओळख मरोळ-अंधेरीची. १९६२ साली स्थापन झालेल्या बोरोसिलचा कारखाना मरोळला होता आणि त्या भागात लहान वर्कशॉपं होती. दहावीनंतर एका ठिकाणी नळ्या कापायला आणि धुवायला लागलो. उस्ताद वाफ निववायचा, आत वेटोळं असलेला कंडेन्सर जोडत होते. बाहेरच्या नळीच्या पोटात आतली नळी, आणि दोघींचा सांधा एकाच वेळी वितळवायचा. आतल्या वेटोळ्याला हात पोचत नाही, चिमटाही नाही. त्यांनी फक्त फिरवण्याचा वेग बदलला आणि वेटोळं सरळ मध्यावर आलं. त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी विसरलो. घरचे रेल्वेचा फॉर्म भर म्हणत होते, मी भरला नाही.

पुढे अंधेरीची भाडी लहानांना झेपेनात, म्हणून वसईत आलो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक आणि औषध कारखान्यांमुळे काम मिळत राहिलं. तिथला केमिस्ट पाकिटाच्या मागे पेन्सिलीने आकृती काढून आणतो. तीन तोंडांचा चंबू, त्यातलं एक तिरकं, वर स्टॉपकॉक. अशी वस्तू कॅटलॉगात नसते. तोंड नेमकं किती तिरकं ठेवलं तर थेंब भिंतीला न लागता खाली पडेल, हे मला ठरवावं लागतं. या धंद्यात कल्पकतेला जागा आहे ती इथे. वस्तू झाली की ॲनीलिंगच्या भट्टीत सुमारे ५६० अंशांवर ठेवून सावकाश निववायची, नाहीतर आतला ताण राहतो आणि महिन्याभराने कपाटात उभी असताना ती तडकते.

मोठे गोल चंबू हल्ली लेथवर होतात, आणि ते बरंच आहे, मनगटं वाचतात. शिकायला येणाऱ्या पोरांना पहिले काही महिने ज्योत देत नाही, थंड नळी फिरवायला देतो. बहुतेक निघून जातात. काम थंडावलं की उरलेल्या तुकड्यांचे हंस आणि गणपती करतो. दिवाळीत ते चांगले खपतात. एका गणपतीला लागणाऱ्या वेळाचे पैसे कंडेन्सरपेक्षा जास्त सुटतात, म्हणून करतो. सही मात्र कंडेन्सरवर करावीशी वाटते, आणि तिथे केमिस्ट करू देत नाही.