विकास संघ (क्रीडा)

वरच्या श्रेणीतील एखाद्या व्यावसायिक क्लबने तरुण खेळाडूंच्या जडणघडणीसाठी खालच्या श्रेणीत चालवलेल्या किंवा कराराने जोडून घेतलेल्या संघास विकास संघ असे म्हणतात. त्यास राखीव संघ, दुय्यम संघ किंवा संलग्न संघ असेही म्हटले जाते. ही पद्धत उत्तर अमेरिकेतील बेसबॉल व आइस हॉकी या खेळांत सर्वाधिक रुजलेली आहे. भारतात ती मुख्यतः फुटबॉलमध्ये आढळते आणि महाराष्ट्र व गोवा येथील क्लबांनी तिचा अवलंब केला आहे. ज्या भागांत व्यावसायिक क्लब नाहीत, तेथे हे कार्य शासन व क्रीडा संघटना वेगळ्या स्वरूपात करतात. चंद्रपूर व गडचिरोली हे वनव्याप्त जिल्हे त्याचे उदाहरण आहेत.

स्वरूप

विकास संघाचे मालकीनुसार दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मूळ क्लबच दुय्यम संघाचा मालक असतो. प्रशिक्षक, वैद्यकीय पथक व खेळाची शैली ही सर्व तोच ठरवतो आणि तोटाही तोच सोसतो. दुसऱ्या प्रकारात दुय्यम संघ स्वतंत्र मालकाचा असतो. ठराविक मुदतीच्या करारानुसार मूळ क्लब त्याच्याकडे आपले खेळाडू पाठवतो आणि त्यांच्या वेतनाचा सर्व किंवा काही भार उचलतो.

दुसऱ्या प्रकारात हितसंबंधांचा ताण असतो. मूळ क्लबला खेळाडू घडवायचा असतो, तर स्वतंत्र मालकाला सामना जिंकून प्रेक्षक टिकवायचे असतात. हंगामाच्या मध्यात उत्तम खेळाडू वर बोलावला गेल्यास दुय्यम संघ दुबळा होतो. हा ताण टाळण्यासाठी अनेक मोठे क्लब संपूर्ण मालकी पसंत करतात.

इतिहास

या पद्धतीचा संघटित आरंभ बेसबॉलमध्ये झाला. सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात लहान शहरांतील संघांत मालकी हिस्सा घेण्यास सुरुवात केली. श्रीमंत क्लबांप्रमाणे तयार खेळाडू विकत घेणे परवडत नसल्याने ते स्वतः घडवावेत, हा त्यामागील हेतू होता. मात्र एकाच क्लबच्या ताब्यात शेकडो खेळाडू अडकून पडतात, अशी टीकाही लवकरच होऊ लागली. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ लँडिस यांनी नियमभंगाच्या कारणावरून कार्डिनल्सच्या ताब्यातील सत्तरहून अधिक खेळाडूंना बंधमुक्त केले.

आइस हॉकी

नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) मधील ३२ क्लबांसाठी अमेरिकन हॉकी लीग (एएचएल) ही विकासाची प्रमुख पायरी आहे. एएचएलची सुरुवात १९३६ मध्ये झाली. तिच्यातील बरेच संघ आज एनएचएल क्लबांच्याच मालकीचे आहेत. हर्शी बेअर्ससारखे काही संघ मात्र स्वतंत्र मालकांकडे असून कराराने जोडलेले आहेत. शिकागो वुल्व्ज हा स्वतंत्र संघ २०२३-२४ च्या हंगामात कोणत्याही एनएचएल क्लबशी संलग्न न होता खेळला.

एएचएलमध्ये प्रत्येक सामन्यात ठराविक संख्येने कमी अनुभवी खेळाडू खेळवणे बंधनकारक असते. अनेक तरुण खेळाडूंशी द्विस्तरीय करार केला जातो. त्यानुसार वरच्या व खालच्या लीगमधील वेतन वेगवेगळे असते. पुरेसा अनुभव असलेल्या खेळाडूस खाली पाठवण्यापूर्वी इतर क्लबांना त्यास घेण्याची संधी द्यावी लागते. एकाच क्लबने खेळाडू अडवून ठेवू नयेत, यासाठी हा नियम आहे.

मालकीचा परिणाम गावांवरही होतो. टोरंटो मेपल लीफ्सचा दुय्यम संघ १९९१ पासून सेंट जॉन्स येथे, म्हणजे टोरंटोपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर होता. २००५ मध्ये क्लबने तो टोरंटोतच आणला. खेळाडूंची ने-आण सोपी झाली, पण सेंट जॉन्सने आपला संघ गमावला.

भारतातील स्थिती

भारतीय क्रिकेटमध्ये वरिष्ठ खेळाडू प्रामुख्याने राज्य व विभागीय संघटनांच्या स्पर्धांतून पुढे येतात. इंडियन प्रीमियर लीगमधील काही मालकांनी परदेशी लीगमध्येही संघ घेतले आहेत. मुंबई इंडियन्सच्या मालकांचे संघ दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती व अमेरिका येथे आहेत. परंतु ते संघ आपापल्या देशांतील प्रमुख लीगमध्ये खेळत असल्याने त्यांना विकास संघ म्हणता येत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमधील संघ मुख्यतः लिलावातून बांधले जातात. हॉकीपटू घडवण्याचे काम वसतिगृहे, अकादमी व विभागीय संघ करतात.

फुटबॉलमध्ये चित्र वेगळे आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यानंतर क्लबांनी राखीव संघ उभारले. २०१७-१८ मध्ये अशा अनेक संघांना आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला, मात्र त्यांना वरच्या श्रेणीत बढती मिळण्याची मुभा नव्हती. एफसी गोवाचा विकास संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये स्थानिक क्लबांविरुद्ध खेळतो. २०१८-१९ मध्ये त्याने ही स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली.

पुण्याचे उदाहरण मालकीवर आधारित पद्धतीची मर्यादा दाखवते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने २०११ मध्ये अकादमी सुरू केली. तिच्या संघाने राष्ट्रीय युवा लीगचे विजेतेपद एकाहून अधिक वेळा मिळवले. पुढे मूळ क्लब बंद पडला आणि २०१६ मध्ये अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. भारताकडून खेळलेला आशिक कुरुनियन हा याच वाटेने पुढे आला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद झाला व त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. परिणामी एका दशकाच्या आतच या अकादमीचे दोन्ही आधार नाहीसे झाले.

चंद्रपूर व गडचिरोली

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. इंडियन सुपर लीग किंवा हॉकी इंडिया लीगमधील कोणत्याही संघाचे केंद्र या दोन्ही जिल्ह्यांत नाही. क्रिकेटमध्ये हे जिल्हे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या कार्यक्षेत्रात येतात. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. या संघटनेचे मुख्य केंद्र नागपूर येथे आहे.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आश्रमशाळा ही पहिली पायरी ठरते. चिमूर, चंद्रपूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या अखत्यारीत आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. निवड झालेले विद्यार्थी पुढे विभागीय व राज्य पातळीवर खेळतात. राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनींपैकी एक गडचिरोली येथे आहे. अंतर ही येथील मोठी अडचण आहे. सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे.

निवड, निवासी प्रशिक्षण व खर्चाची हमी एकत्र आल्यास काय साधते, हे 'मिशन शौर्य' या उपक्रमातून दिसले. आदिवासी विकास विभाग व चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या या उपक्रमात आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने गिर्यारोहणाचे शिक्षण देण्यात आले. मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जणांनी एव्हरेस्ट सर केले.

तुलना

क्लबच्या मालकीच्या पद्धतीत खालच्या संघातील खेळाडूंपुढे वरच्या संघात जाण्याची वाट असते, मात्र तेथील जागा कोणासाठीही निश्चित नसते. वरच्या संघाच्या गरजेसाठीच त्यांना घडवले जाते. शासकीय पद्धतीत प्रशिक्षण मिळते, परंतु त्यापुढे एखाद्या व्यावसायिक संघात जाण्याची अशी ठरलेली वाट नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण ही उणीव अंशतः भरून काढते. त्यामुळे अनेक ग्रामीण खेळाडूंच्या दृष्टीने खेळाचे अंतिम फळ व्यावसायिक करार हे नसून नोकरी हे असते. दुसऱ्या बाजूने, शासकीय केंद्र एखाद्या मालकाच्या नफा-तोट्यावर अवलंबून नसल्याने क्लब बंद पडला म्हणून ते बंद पडत नाही.

हे सुद्धा पाहा

अमेरिकन हॉकी लीग
इंडियन सुपर लीग
क्रीडा प्रबोधिनी
आश्रमशाळा
गडचिरोली जिल्हा