ड्रीम थिएटरचा पहिला अल्बम : एका अपयशाची चिकित्सा

१/७
यशाचा इतिहास आपोआप लिहिला जातो. अपयशाचा मुद्दाम शोधावा लागतो. ६ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि फारसा गाजावाजा न होता मागे पडला. पुढे प्रोग्रेसिव्ह मेटलचे नाव ज्यांच्याशी जोडले गेले, त्या ड्रीम थिएटरची ही पहिली कृती. #इतिहास #थ्रेड

२/७
१९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॉन पेत्रूची, जॉन म्यूंग आणि माइक पोर्टनॉय या विद्यार्थ्यांनी ‘मॅजेस्टी’ हा बँड स्थापन केला. त्याच नावाच्या दुसऱ्या बँडने हरकत घेतल्यामुळे नाव बदलावे लागले. जुने नाव मात्र अल्बममध्ये दडून राहिले : ‘द यत्से जॅम’ हे शीर्षक म्हणजे ‘मॅजेस्टी’ची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने!

३/७
त्यांच्यासमोर दोन परंपरा होत्या. येस आणि रश यांचे प्रोग्रेसिव्ह रॉक : दीर्घ रचना, चारऐवजी पाच-सात मात्रांची आवर्तने. आयर्न मेडन आणि मेटालिका यांचे हेवी मेटल : वेग आणि गिटारचा भार. पंकच्या लाटेनंतर पहिली परंपरा अनेकांना कालबाह्य वाटत होती.

४/७
हा संगम घडवणारे ते पहिले नव्हेत. फेट्स वॉर्निंग आणि क्वीन्सराइक त्यांच्या आधीचे. परंतु येथे केव्हिन मूर यांचा कीबोर्ड गिटारच्या बरोबरीने बोलतो, आणि त्यावर चार्ली डॉमिनिची यांचा मधुर रॉकच्या वळणाचा आवाज येतो.

५/७
ध्वनिमुद्रण सुमारे तीन आठवड्यांत उरकले. कंपनीने दिलेली आर्थिक आश्वासने बहुतांशी पाळली नाहीत. परिणामी प्रसिद्धी दौरा घराजवळच्या अवघ्या पाच कार्यक्रमांत आटोपला. त्याच वर्षी डॉमिनिची यांना बँड सोडावा लागला.

६/७
१९९१ मध्ये जेम्स लाब्री हे गायक लाभले. १९९२ मध्ये नव्या कंपनीकडून ‘इमेजेस अँड वर्ड्स’ आला; त्यातील आठ मिनिटांहून दीर्घ ‘पुल मी अंडर’ एमटीव्हीवर गाजले. वादक तेच, संगमही तोच. बदलले होते ते गायक आणि पाठबळ.

७/७
म्हणून ‘अपयशी’ हा शिक्का वाचताना विचारावे : अपयश कृतीचे, की तिला श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेचे? ६ मार्च २००४ रोजी, बरोबर १५ वर्षांनी, बँडने लॉस एंजेलिसमध्ये हा संपूर्ण अल्बम वाजवला. शेवटी डॉमिनिचीही मंचावर येऊन गायले. १९८९ मध्ये न लाभलेले श्रोते त्या रात्री समोर होते.