बलुतं, रोकड आणि क्यूआर कोड



परवा सोलापुरात सात रस्त्याजवळ एका चर्मकार काकांनी एकाची चप्पल शिवून दिली. गिऱ्हाइकाने विचारलं, "स्कॅनर आहे का?" काका नाही म्हणाले. "मग उद्या देतो," म्हणून तो निघून गेला. वीस रुपयांचीच गोष्ट; पण 'उद्या देतो' हे आपल्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय.

गावगाड्यात महाराने रात्रंदिवस राबायचं आणि मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुतं. धान्य किती, कसलं, कधी द्यायचं, हे देणारा ठरवणार. हक्काची मजुरी खळ्यावर उभं राहून भिकेसारखी मागायची. 19 मार्च 1928 रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यात बलुत्याऐवजी रोख रकमेची तरतूद होती. ती वसूल करायची सरकारने. म्हणजे गावापुढे हात पसरणं बंद! विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा आला 1958 मध्ये.

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये निघाली. जातिभेद गिरण्यांतही होताच, पण मजुरी रोख मिळायची. त्या पैशाने काय घ्यायचं, हे कामगार स्वतः ठरवायचा. रोकडीचं मोल आपल्याला असं कळलं.

मग 2016 ची नोटबंदी आली. त्याच वर्षी 30 डिसेंबरला बाबासाहेबांच्या नावाने 'भीम' ॲप आलं. ऑनलाइन व्यवहाराला माझा विरोध नाही. त्याची नोंद राहते, सुट्ट्यांची कटकट नाही. पण त्यासाठी स्मार्टफोन, रिचार्ज, बँक खातं लागतं. शिवाय पैसे पाठवताना पडद्यावर आडनाव दिसतं. नोट देता-घेताना आडनाव सांगावं लागत नव्हतं.

तेव्हा प्रश्न रोख की ऑनलाइन हा नाहीच. मोबदला कोणत्या रूपात घ्यायचा, हे कोण ठरवणार, हा आहे. बलुत्यात देणारा ठरवायचा. आज खिशात नोट न ठेवणारं गिऱ्हाईक ठरवतंय.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. खिशात सुट्टे पैसे ठेवा, चर्मकार, भाजीवाली, हमाल यांना आधी विचारा, "कसे देऊ?" आणि वस्तीत ज्यांना ॲप हवंय, त्यांना शेजारी बसून शिकवा. काम झालं की दाम तिथल्या तिथे. उधारीवर स्वाभिमान टिकत नाही.